तीन दिवसांचे पाहुणे

आमच्या गिरदावरसाहेबांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात विनापरवाना कधी पाऊल टाकलं नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहायचे, टोपी सारखी करायचे आणि विचारायचे, "इजाजत?" आतून काकूंचा आवाज यायचा, "येता का पिठलं मांजराला घालू?" हीच इजाजत समजून ते आत जायचे. त्यांच्या लग्नाला तेव्हाच चाळीस वर्षं होऊन गेली होती. तेवढ्या वर्षांत काकूंनी एकदाही 'इजाजत आहे' म्हटलं नव्हतं आणि साहेबांनी एकदाही विचारायचं सोडलं नव्हतं.

मी तहसील कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली अर्जनवीस म्हणून बसत असे. राज्य निजामाचं, कचेरीची भाषा उर्दू आणि आमच्या बीड जिल्ह्यातली माणसं मराठीत रडणारी. त्यांचं रडणं उर्दूत उतरवून देणं हा माझा धंदा. गिरदावर म्हणजे गावोगाव हिंडून शेतं, पिकं, बांध तपासणारा महसुलाचा माणूस. साहेब त्या नोकरीतून केव्हाच निवृत्त झाले होते, पण लोक त्यांना गिरदावरच म्हणायचे, आणि तोंडावर साहेब. त्यांची सगळी हयात पटवाऱ्यांच्या मोडी दप्तरात गेलेली. बोलताना उर्दू शब्द पेरायचे झकास, पण उर्दू कागद वाचायची वेळ आली की त्यांचा चष्मा हमखास हरवायचा. तो सापडेपर्यंत मी वाचून दाखवायचं, असं आमचं न बोलता ठरलेलं होतं. हे ठरलेलं पुढं मला किती महागात जाणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

कागदावर त्यांचा भारी जीव. कुणाकडे मुलगा झाला आणि गूळ वाटायला माणूस आला, तर गूळ तोंडात टाकायच्या आधी विचारायचे, "चावडीत नोंद केली का?" काकू माहेरी निघाल्या की त्यांना लेखी रजा मिळायची, जाण्याची आणि परतीची तिथी घालून. काकू तो कागद घडी करून कमरेला खोचायच्या आणि माहेरी पोचल्या की त्यानं चूल पेटवायच्या. एकदा नारायणगडाच्या जत्रेत साहेब रहाटपाळण्यात बसले. पाळणा पार वर गेला आणि त्यांनी वरूनच खाली हाळी दिली, "पाळण्याचा परवाना हाय का बे?" पाळणेवाला सरळ माणूस. "हाय की, आनतो," म्हणाला. पाळणा होता तिथं अडकवला आणि आपल्या राहुटीत गेला. आला तो भाकरी खाऊनच. खाली उतरल्यावर साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला, परत केला आणि "दुरुस्त हाय," म्हणून चालू पडले. रागावले बिगावले नाहीत. कागद ठीक निघाला की त्यांचा राग आपोआप विरघळायचा.

अशा माणसाच्या घरी परक्यांची म्हातारी माणसं कशी जमली, हे सांगायला हवं.

पहिला आला चाचा. वडवणीकडचा. साहेबांच्या नोकरीत पंचवीस वर्षं तो त्यांच्यापुढं शेत मोजायची साखळी ओढत चालला होता. बायको गेली, मूलबाळ नव्हतं, मग डोळेही गेले. साहेबांना कळलं तेव्हा ते गाडी जोडून गेले आणि त्याला घेऊन आले. गोठ्याची एक बाजू मोकळी करून, सारवून, चुना मारून तिथं त्याची खाट टाकली. चाचा आंधळा, पण पावलं मोजण्यात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. "साब, बावली तलक चौसठ कदम," पहिल्याच दिवशी त्यानं जाहीर केलं. साहेबांनी खात्री करून घ्यायला विहिरीपर्यंत स्वतः चालून पाहिलं आणि मान डोलावली.

दुसरी आली नांदूरघाटची म्हातारी. तिला दोन लेक. बाप गेल्यावर त्यांनी शेत वाटलं, बैल वाटले आणि आईही वाटून घेतली. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे, अमावास्येला बदल. दोन-अडीच वर्षं ठीक चाललं आणि मग धोंड्याचा महिना आला. अधिक महिना. हा कुणाचा? थोरला म्हणाला, माझा कालच सरला. धाकटा म्हणाला, माझा पुढचा, हा तर वाटणीत धरलेलाच नव्हता. धोंड्याच्या महिन्यात जावयाचा मान, म्हणून दोघंही बायकापोरांसकट आपापल्या सासुरवाडीला धोंडे खायला निघून गेले. म्हातारी दोन घरांच्या मधल्या ओट्यावर गाठोडं घेऊन बसून राहिली. साहेब कसल्याशा कामानं तिकडं गेलेले. त्यांनी विचारलं, "बाई, हितं कावून बसलात?"

"ह्यो म्हैना कुनाचाच न्हाई, बाबा," म्हातारी म्हणाली.

साहेबांनी सवयीनं विचारलं, "वाटणीचा कागद हाय का?" कागद कुठला असायला! मग त्यांनी तिचं गाठोडं उचलून गाडीत ठेवलं. गाडीत चढताना म्हातारीनं एकच विचारलं, "किती दिस न्हेता?" साहेब मला नंतर सांगायचे की सबंध नोकरीत कुणी त्यांना निरुत्तर केलं नव्हतं, तेवढं त्या बाईनं केलं.

पुढं एकामागं एक आणखी पाचजण आले. काकूंनी कुरकुर केली, पण ती स्वयंपाक करता करता. घर माणसांनी भरलं तसा साहेबांच्या जिवाला एक घोर लागला. एक दिवस कडुलिंबाखाली माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मुन्शी, माज्या घरी बेकायदा काम चालू हाय."

मी दचकलो. काय काम ते त्यांनी सांगितल्यावर हसू आवरेना. "साहेब, घरात म्हातारी माणसं ठेवायला कुठं परवाना लागतो?"

"आपली आसली तर न्हाई लागत. ही दुसऱ्याची हायत. दुसऱ्याचं ढोर दावणीला बांदलं तर चावडीत कळवावं लागतं. मानसाचं न कळवून भागंल?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "चौकीवरच्या अमीनसाहेबाचा शिपाई दोनदा विचारून गेला, एवडी मानसं कावून जमा केली म्हून. उद्या नांदूरघाटच्या बाईची लेकरं म्हनतील, आमची माय पळवली. मी हाय तवर तोंड देईन. मी गेल्यावर ह्यांना कुनी भाईर काढलं तर ही पुन्ना वट्ट्यावर. सरकारी कागद पायजे."

ते दिवस असे की चार डोकी एका ठिकाणी दिसली तरी पोलीस चौकीला घाम फुटायचा. तेव्हा साहेबांचं म्हणणं अगदीच वेड्यासारखं नव्हतं.

आता परवाना मागायचा, पण कशाचा? कचेरीत साहेबापुढं कागद मांडणाऱ्या पेशकारांनी सगळी कलमं काढून पाहिली. आखाड्याला परवाना होता, खासगी शाळेला होता, सराईला, दवाखान्याला, कोंडवाड्याला, यतीमखान्याला, सगळ्यांना होता. म्हाताऱ्यांचं कलम नव्हतं. साहेब म्हणाले, "यतीमखान्यात घाला." पेशकार म्हणाले, "तो पोरक्या मुलांचा असतो, गिरदावरसाहेब." साहेबांनी विचारलं, "पोरकं म्हंजे आई-बाप न्हाईत तेच का? ह्यांच्यातल्या एकाचे तरी आई-बाप जित्ते हायत का, इचारा." पेशकार खरोखर विचारात पडले. अर्ज दोन आठवडे त्याच मुद्द्यावर अडून राहिला.

शेवटी वरून हुकूम झाला की अर्ज साधा करावा, मथळा ज्याचा त्यानं द्यावा, आणि बीडच्या तालुकदार कचेरीत पाठवावा. मग चौकशांना ऊत आला. विहीर किती खोल, पाणी कसं, गोठ्याला खिडक्या किती, रात्री कंदील टांगता का, शेजाऱ्यांची हरकत आहे का. शेजाऱ्याची होती. तो म्हणाला, "रोज तिरडी निघंल, माज्या दारावरून." साहेबांनी त्याला लिहून दिलं की तिरडी निघाल्यास ती मागल्या बोळानं नेण्यात येईल. प्रत्येक नव्या अटीला साहेब खुलत. अमीननं एकदा खाटांमधलं अंतर विचारलं तर त्यांनी चाचाला कामाला लावलं. चाचानं तीन वेळा पावलांनी मोजून आकडा सांगितला आणि त्या दिवशी दोघंही पंचवीस वर्षांनी लहान दिसत होते.

अर्ज मी लिहिला. मथळा दिला, जईफखाना. जईफ म्हणजे थकलेला, म्हातारा, आपल्या मराठीतही आहेच हा शब्द. आणि इथं माझ्या हातून ती चूक झाली. उर्दूत जईफ लिहिताना मधे ऐन नावाचं एक अक्षर येतं. आमच्या मराठी जिभेला ते लागत नाही, म्हणून ते लक्षात ठेवून लिहावं लागतं. मी कानानं लिहिलं. ऐन राहून गेलं. ऐन काढून टाकलं की जो शब्द उरतो, तो वाचायचा 'जैफ', आणि त्याचा अर्थ पाहुणा! आमच्या तोंडात दोन्ही सारखेच, पण बीडमध्ये जो कोणी विद्वान बसला होता त्यानं काळजीपूर्वक वाचलं आणि पाहुण्यांच्या घराला परवाना देऊन टाकला. सराईच्या नियमाप्रमाणे.

परवाना आला तेव्हा साहेबांनी आधी त्याला हळदकुंकू वाहिलं, मग चष्मा हरवला आणि कागद माझ्या हातात दिला. पहिली ओळ वाचतानाच माझ्या लक्षात आलं. सांगून टाकायला हवं होतं. पण सहा महिने ज्या माणसानं विहिरीच्या खोलीपासून खाटांच्या अंतरापर्यंत सगळं मोजून दिलं, त्याला 'माझं एक अक्षर राहिलं' हे कसं सांगायचं? शिवाय अर्जनवीसाची सगळी पत त्याच्या अक्षरात असते. मी तोंडानं 'जईफखाना' वाचलं आणि पुढं गेलो. पण अट काही मला गिळता येईना. "हर मेहमान को तीन रोज से ज्यादा ठहराना मना है," मी वाचलं.

साहेबांनी कागदावर बोट टेकवलं. मला वाटलं, आता पकडला गेलो. ते म्हणाले, "मेहमान म्हनलंय?"

"हो."

"म्हाताऱ्या मानसाला सरकारनं मेहमान म्हनलंय. ल्हिऊन!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मुन्शी, मी तर ह्यांना नुसतं ठिवून घेतलं होतं. बघा, सरकार कुठवर इचार करतं."

"पण तीन दिवसांचं काय?"

"तीन दिसांनी जायचं. पुन्ना यायचं. पाव्हना पुन्ना येऊ नये आसं ल्हिवलंय का?"

तसं लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या गावात ती गंमत सुरू झाली. दर तिसऱ्या दिवशी सकाळी सातही म्हातारी माणसं साहेबांच्या घरून निघायची, हळूहळू चालत वेशीबाहेर जायची आणि तिथल्या चिंचेच्या पारावर बसायची. साहेब तांबड्या फडक्यात बांधलेलं दप्तर उघडून प्रत्येकाच्या नावापुढं 'रवाना' लिहायचे. तासाभरानं ती परत यायची. दारात काकू पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन उभ्या. प्रत्येकाला पायावर पाणी, हातावर गूळ आणि प्रश्न, "या. कधी आलात?" उत्तर ठरलेलं, "हे काय, आत्ताच." मग नावापुढं 'आमद', म्हणजे आगमन. साहेबांचा हुकूम होता की पाहुण्याला विचारल्याशिवाय आत घ्यायचं नाही, परवान्यात मेहमान लिहिलंय.

पहिले काही दिवस अख्खा गाव हसला. पण मी पाहत होतो, म्हातारी माणसं बदलली. तिसरा दिवस आला की नांदूरघाटच्या म्हातारीला पहाटेपासून घाई. केस धुवायची, गाठोड्यातलं एकुलतं एक चांगलं लुगडं नेसायची. चाचा दाढीला मेंदी लावून घ्यायचा. पारावर बाजाराची वाट जवळ, चार माणसं दिसायची, गावोगावची खबर मिळायची. आणि परत आलं की कुणीतरी दारात 'या' म्हणून उभं असायचं. घरात मुक्काम करून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला 'या' कोण म्हणतो?

एकदा मीही पारावर टेकलो होतो, तेव्हा म्हातारीचा थोरला लेक बैलगाडी घेऊन त्या वाटेनं बाजाराला निघाला होता. पारावर आई बसलेली, धुतलेले केस, चांगलं लुगडं. तो खाली उतरला आणि घुटमळला. "आय, कुठं निगालीस?"

"पाव्हनी चाललीय," म्हातारी म्हणाली.

"कुनाकडं?"

"हाय एक घर. तू बाजारला जा, बैलं उनात हुबी हायत." तो गेल्यावर ती मला म्हणाली, "बारीक झालाय गं बाई." मी बाई नव्हतो, पण ती कुणाशी बोलत होती ते तिलाच ठाऊक. त्या दिवशी तिनं आपल्या वाटचा गूळ खाल्ला नाही, पदराला बांधून ठेवला. लेक परतताना दिसला तर द्यायला.

असं दीड-एक वर्ष गेलं. आणि मी रोज लिंबाखाली बसून त्या ऐनाचा विचार करत होतो. म्हातारी माणसं काठ्या टेकत माझ्यासमोरून चिंचेकडे निघाली की मी मान खाली घालून दौतीत बोरू ढवळत बसायचो. पावसापाण्यात त्यांची ही पायपीट माझ्या एका अक्षरापायी होती.

मग एका श्रावणात म्हातारीला ताप आला. गुडघा सुजला, उभं राहवेना. तिसरा दिवस उजाडला. साहेबांनी बाज मागवली, चार गडी बोलावले. मी तिथं होतो. गड्यांनी तिला बाजेवर घेतलं, बाज उचलली आणि दाराशी आल्यावर म्हातारीनं हात काढून दाराची चौकट धरली. घट्ट धरली.

"मला न्हेऊ नका, बाबा."

"आत्ता परत आनू, बाई. घंटाभरानं," साहेब म्हणाले.

"आन् न्हाई आनलं तर?"

इतके दिवस ती हसत जात होती, ती आपल्या पायांनी जात होती म्हणून. आपल्या पायांनी गेलेलं माणूस आपल्या पायांनी परत येतं. दुसऱ्यानं नेऊन ठेवलेलं माणूस कसं तिथंच राहून जातं, ते तिनं एकदा ओट्यावर पाहिलं होतं. साहेब तिच्या त्या हाताकडे बघत राहिले. मग गड्यांना म्हणाले, "खाली ठिवा." दप्तर बांधून ठेवलं. त्या दिवशी तिच्या नावापुढं त्यांनी काहीच लिहिलं नाही. मी त्यांना ओळखत होतो, म्हणून सांगतो, त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा कायदा मोडला होता.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या वेळेला साहेब माझ्यासमोर हजर. अंगात नोकरीतली काळी शेरवानी, डोक्याला टोपी, काखेत गाठोडं. गाठोड्यात दोन धोतरं आणि तांब्या.

"हे काय, साहेब?"

"कैदेत लागंल म्हून. ल्हिवा. मी कबूल करतो की एका मेहमानास काल रवाना न करता चौथ्या दिवशी ठिवून घेऊन मी परवान्याची शर्त मोडली. सजा मला व्हावी. पाव्हन्यांना घराभाईर काढू नये. ल्हिवा की, मुन्शी! बोरू कावून थांबला?"

माझ्याच्यानं लिहवेना. मी बोरू खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. ऐन राहिल्याचं, मला पहिल्याच दिवशी कळल्याचं, भीतीपोटी गप्प बसल्याचं. सांगताना मी लाजेनं त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

ते ओरडले नाहीत. ते म्हणाले, "काडून दाखवा." मी कोऱ्या कागदावर दोन्ही शब्द काढले. एकात ओळीच्या मधे बारीकशी गाठ, दुसऱ्यात नाही. त्यांनी खिशातून चष्मा काढला. हरवलेला चष्मा त्या दिवशी चटकन सापडला. गाठीवर बोट ठेवून ते म्हणाले, "एवडीशीच?" मग उठले. "चला. कागद दुरुस्त करायला पायजे."

तहसीलदार हैदराबादेकडचे, चांगले शिकलेले गृहस्थ. त्यांनी परवाना वाचला, माझी कबुली ऐकली, साहेबांचं गाठोडं पाहिलं आणि इतके हसले की शिपाई आत डोकावला. "गिरदावर साहब, आप दीड साल से बूढ़ों को हवाखोरी करा रहे हैं, एक ऐन के लिए!" त्यांनी लेखणी शाईत बुडवली. "लाइए, अभी ऐन लगा देता हूँ. जईफ हो जाएंगे, तीन रोज की शर्त खतम. ऊपर मैं लिख दूंगा."

मी सुटकेचा श्वास सोडला. साहेबांनी हात वर केला. "हुजूर, जरा ठहरिये."

"अब क्या?"

"कागदात बदल होतोय तो ज्यांच्या बाबतीत, त्यांची जबानी घेतल्याबिगर करता येत न्हाई. कायदा हाय."

तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे पाडले. लेखणी हातात तशीच धरून ते म्हणाले, "जाओ मुंशी. ले आओ जबानी."

मी कागद घेऊन साहेबांच्या घरी गेलो. म्हातारी बाजेवर पडून होती, ताप जरा उतरला होता. बाकीचे भोवती बसले. मी सगळ्यांना सोपं करून सांगितलं की कागदात तुम्ही चुकून पाहुणे झाला आहात. आता एक अक्षर घातलं की तुम्ही जईफ व्हाल, मग कुणाला चिंचेपर्यंत जायला नको, मरेपर्यंत इथं राहता येईल. तुमची हरकत नाही ना?

सगळ्यांनी चाचाकडे तोंडं वळवली. मग चाचा म्हणाला, "चिंच तलक दो सौ बारा कदम है. वो बंद करते क्या? नक्को."

म्हातारीनं मला खुणेनं जवळ बोलावलं. "जईफ म्हंजी म्हातारीच ना रं?"

"हो, आजी."

"मग ते आक्षर घालू नगंस. म्हातारी मी दोन्ही लेकांच्या घरी व्हते. हितं मी पाव्हनी हाय." मग गुडघा चोळत म्हणाली, "मला चालाया ईना तवर तेवडं पडू द्या म्हनावं सरकारला. बरी झाले की जाईन की चिंचंला."

मी तिचे शब्द जसेच्या तसे उर्दूत उतरवले. आयुष्यात हजारो अर्ज लिहिले, इतक्या जपून एकही लिहिला नाही. एकेक अक्षर तपासलं. खाली तिचा अंगठा घेतला, चाचाचा घेतला, बाकीच्यांचे घेतले.

तहसीलदारांनी जबानी वाचली आणि पुन्हा वाचली. हसले नाहीत. लेखणीतली शाई एव्हाना वाळली होती, त्यांनी ती पुन्हा बुडवली आणि परवान्याच्या कडेला तीन रोजच्या अटीसमोर एक ओळ लिहून सही केली. मी ती साहेबांना वाचून दाखवली. 'मेहमान जब तक चाहें.' पाहुण्याची इच्छा असेल तोवर. वरचा शब्द होता तसाच राहिला, ऐनाशिवाय. मला जाता जाता म्हणाले, "और मुंशी, आइंदा ऐन मत खाना." मी मान डोलावली. साहेब गाठोडं काखेत मारून बाहेर आले आणि पायरीवर उभे राहून म्हणाले, "तिनं इचारलं होतं मला, किती दिस म्हून. आत्ता जवाब मिळाला." मग खाकरले आणि म्हणाले, "तुमी दीड वरीस गप बसलात, ह्याचा मला राग हाय. पन ऐन घातलं आसतं तर सरकारनं त्यांना मेहमान म्हनलं नसतं. चला, काकूनं भाकरी केली आसंल."

गरज उरली नाही, तरी तिसऱ्या दिवशीचं जाणं-येणं बंद झालं नाही. म्हातारी बरी झाली तशी स्वतःच लुगडं नेसून दारात उभी राहायला लागली. साहेब म्हणायचे, "बाई, आता कायद्यात गरज न्हाई." ती म्हणायची, "तुमच्या कायद्यात नसंल." ती आणखी कितीतरी वर्षं जगली. गेली तेव्हा कबूल केल्याप्रमाणे मागल्या बोळानं न्यायला लागले तर तोच शेजारी पुढं आला आणि म्हणाला, "माज्या दारावरून न्या." साहेबांनी दप्तर उघडून तिच्या नावापुढं 'रवाना' लिहिलं आणि समोरचा रकाना मोकळा ठेवला.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. साहेब ऐंशीला टेकले होते. एक दिवस काकूंचा निरोप आला की हे सकाळपासून चिंचेखाली जाऊन बसलेत, बोलावलं तर येत नाहीत. मी गेलो. पारावर एकटेच, काळी शेरवानी, टोपी, मांडीवर काठी.

"साहेब, चला घरी. ऊन झालंय."

"कोन्या नात्यानं येऊ?" ते म्हणाले. "परवाना पाव्हन्यांचा हाय. मालकाबद्दल कागदात एक अक्षर न्हाई. मी इतकी वरसं तिथं विनापरवानाच ऱ्हातोय."

हे त्यांचं कायद्याचं बोलणं, पण काठी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. मला उशिरा का होईना, समजलं. त्यांना थकवा आला होता आणि तो कबूल करायची लाज वाटत होती. सात माणसांना काकूंकडून 'या' म्हणवलेल्या माणसाला स्वतःसाठी तेवढं मागता येत नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही चालायला लागलो. चाचा तोवर गेलेला होता, नाहीतर त्यानं पावलं मोजली असती. मग मीच मनात मोजली. मला दोनशे बाराच्या पुष्कळ पुढं जावं लागलं, साहेबांची पावलं आता एवढीएवढीशीच पडत होती.

काकूंनी लांबून पाहिलं असावं. आम्ही पोचलो तेव्हा त्या दारात उभ्या होत्या, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात गूळ. त्यांनी वाकून नवऱ्याच्या पायावर पाणी घातलं. गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "या. कधी आलात?"

"हे काय, आत्ताच," साहेब म्हणाले. पण पाऊल उचलेना. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी टोपी सारखी केली आणि अगदी हळू विचारलं, "इजाजत?"

काकूंनी तांब्या खाली ठेवला. मी पिठल्याची आणि मांजराची वाट पाहत होतो.

"इजाजत आहे," काकू म्हणाल्या.